सूज गुडघ्याला नाही, डोक्याला आलीय

बस. खुर्चीवर नको, त्या पायरीवर बस. गुडघा वाकतो की नाही ते मलाही दिसू दे. नाही ना वाकत? मग काल सकाळी आमखास मैदानावर पहिलं षटक टाकायला कोणत्या तोंडाने धावलास?

आणि ‘काही नाही सर, थोडी सूज आहे’ हे मला ऐकवू नकोस. शाळेत गृहपाठ न करता यायचास तेव्हाही असंच तोंड करून उभा राहायचास. काल मी मैदानाच्या कडेला बसून सगळं पाहिलंय. साडेसातचा सामना, साहेब सात पंचवीसला मोटारसायकलवरून उतरले. वेदनाशामक गोळी चहाबरोबर घेतली, गुडघ्याला पट्टा आवळला, हात दोनदा गरागरा फिरवले आणि नवा चेंडू स्वतःकडे घेतला. तिसऱ्या चेंडूला मांडीची मागची शीर धरलीस. तरी चौथा टाकलास, पाचवा टाकलास, लंगडत षटक पुरं केलंस आणि टाळ्यांची वाट बघत उभा राहिलास. टाळ्या पडल्या, नाही म्हणत नाही. वाजवणारे सगळे तुझ्याच वयाचे, पोटावरून टी-शर्ट खाली ओढत बसलेले. ज्या एकोणीस वर्षांच्या पोराला तू सलग तीन सामने लाँग-ऑनला उभा केलायस, त्याचे हात खिशात होते.

तू चव्वेचाळीस वर्षांचा आहेस. या वयात मैदानात उतरतोस याबद्दल मी तुला एक शब्द बोलणार नाही. मी बोलणार आहे ते तू ज्या तऱ्हेने उतरतोस त्यावर. दीर्घकाळ खेळणं ही कमवायची गोष्ट आहे, पोरा. ती रोज कमवावी लागते, आणि वय वाढेल तसं संघातलं आपलं काम बदलून कमवावी लागते. तू यातलं काहीही करत नाहीस. तू जागा अडवून बसलायस.

सामना संपल्यावर वर मोबाईल दाखवलास. ‘सर, हा टॉम ब्रॅडी बघा, त्रेचाळिसाव्या वर्षी सुपर बोल जिंकला, मग मी का नाही?’ बरं, आज त्याचाही हिशेब करू.

ब्रॅडी अमेरिकन फुटबॉलमधला क्वार्टरबॅक. तो खेळ आपल्या फुटबॉलसारखा नाही, त्यात चेंडू हातात धरून पळतात, फेकतात आणि समोरच्याला अंगाने पाडतात. प्रत्येक चालीत चेंडू ज्याच्या हातात येतो आणि तो कुणाकडे फेकायचा हे दोन-तीन सेकंदांत जो ठरवतो, तो क्वार्टरबॅक. २००० साली नव्या खेळाडूंची निवड झाली तेव्हा ब्रॅडीचा क्रमांक १९९वा लागला होता. तिथून निघून फेब्रुवारी २०२१ मध्ये, वयाच्या ४३व्या वर्षी, त्याने सातवा सुपर बोल, म्हणजे तिथल्या लीगचा अंतिम सामना, जिंकला. हे सगळं खरं आहे आणि मोठं आहे. पण त्याच्यापुढे पाच धिप्पाड गडी उभे असतात आणि त्याला कुणाचा हात लागू न देणं हेच त्यांचं काम असतं. क्वार्टरबॅकच्या गुडघ्यावर किंवा डोक्यावर आदळणाऱ्याला दंड देणारे नियम त्या लीगने केलेत. त्याचं काम नजरेचं आणि निर्णयाचं आहे, ते अनुभवाने सुधारतं. तुझं काम वेगवान गोलंदाजीचं. प्रत्येक चेंडूला तुझ्या पुढच्या पायावर तुझ्या वजनाच्या कितीतरी पट भार येतो आणि तो भार झेलायला तुझ्यापुढे कुणीही उभं नाही.

आणि त्या मोबाईलवर २००८ साल दाखवलं का तुला? मोसमाच्या पहिल्याच सामन्यात ब्रॅडीच्या गुडघ्याचे लिगामेंट फाटले. तो उरलेला पूर्ण मोसम बाहेर बसला. तुझा लिगामेंट दिवाळीत ताणला गेला तेव्हा डॉक्टरांनी तीन महिने सांगितले होते आणि तू महिन्याच्या आत बूट बांधलेस. त्याचा पराक्रम उचलायचा आणि त्याचं गुमान बाहेर बसणं विसरायचं, ही कुठली शागिर्दी?

त्याच्या आहाराचंही तेच. साखर नाही, मैदा नाही, रात्री लवकर झोप, हे तो वर्षानुवर्षं पाळत आला. तो टोमॅटो आणि वांगीही टाळतो. त्यातलं तू काय उचललंस? टोमॅटो आणि वांगी! घरात भरीत बंद, रश्श्यात टोमॅटो बंद, बायको हैराण. वांग्याने सांधे सुजतात याला भक्कम पुरावा नाही, पण ते राहू दे. शुक्रवारी रात्री बारा वाजता शहागंजाच्या बाजूला नान-खलियावर ताव मारताना तुला पाहिलेले लोक मला येऊन सांगतात. नानमध्ये मैदा असतो रे! वांगं सोडणं सोपं होतं म्हणून सोडलंस. झोप सांभाळणं अवघड, म्हणून ती ब्रॅडीकडेच राहू दिलीस.

आणि शेवट? फेब्रुवारी २०२२ मध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली, चाळीस दिवसांत ती मागे घेतली आणि पुन्हा उतरला. त्या मोसमात त्याच्या संघाने साखळीत आठ सामने जिंकले, नऊ हरले. जानेवारी २०२३ मध्ये डॅलसने त्यांना ३१-१४ असं हरवून घरी पाठवलं आणि फेब्रुवारीत पंचेचाळीस वर्षांचा ब्रॅडी कायमचा थांबला. इतका मोठा खेळाडू, दिमतीला एवढी माणसं, एवढा पैसा, तरी शरीराने तारीख सांगितलीच. तुझ्याकडे काय आहे? एक पट्टा आणि एक स्प्रे.

मुळात अमेरिकेपर्यंत जायची गरजच नव्हती. पुण्यापर्यंत गेला असतास तरी पुरे होतं. प्रा. दि. ब. देवधर हे नाव तुला शाळेत सांगितलं होतं, तू तेव्हा खिडकीबाहेर बघत असशील. देवधर करंडक कुणाच्या नावाने आहे हे तरी ठाऊक आहे का? १८९२चा जन्म. पुण्याच्या स. प. महाविद्यालयात संस्कृत शिकवणारा माणूस. म्हणजे माझ्याच पेशातला, आठवडाभर वर्गात उभा राहणारा, तुझ्यासारख्यांच्या वह्या तपासणारा. १९११च्या मोसमात प्रथम श्रेणीचा पहिला सामना खेळला. १९२६ साली इंग्लंडहून आलेल्या गिलिगनच्या एमसीसी संघाविरुद्ध मुंबईत १४८ धावा केल्या. भारतीय खेळाडू इंग्लंडच्या माणसांपुढे उभे राहू शकतात, हे ज्या खेळींनी सिद्ध झालं त्यातली ती एक. आणि १९३२ साली लॉर्ड्सवर भारत पहिली कसोटी खेळला तेव्हा देवधर चाळीस वर्षांचे होते. वय झालं म्हणून वगळले गेले. एकही कसोटी त्यांच्या वाट्याला आली नाही.

तुला वगळलं असतं तर तू काय केलं असतंस, ते मी सांगतो. औरंगपुऱ्यात चहाच्या गाडीवर उभा राहून वर्षभर निवड समितीला शिव्या घातल्या असत्यास. देवधर सरावाला गेले. रणजी स्पर्धा सुरू झाल्यावर महाराष्ट्राचं कर्णधारपद घेतलं आणि १९३९-४० व १९४०-४१ अशी लागोपाठ दोन वर्षं करंडक महाराष्ट्रात आणला. तेव्हा ते पन्नाशीला टेकले होते. त्याच दिवसांत मुंबईसारख्या तगड्या संघाविरुद्ध २४६ धावा काढल्या. आणि १९४४ साली, ५२व्या वर्षी, नवानगरविरुद्ध एकाच सामन्यात दोन शतकं: पहिल्या डावात १०५, दुसऱ्या डावात १४१. पहिल्या महायुद्धाच्या आधीही प्रथम श्रेणी खेळले आणि दुसऱ्या महायुद्धानंतरही. १९९३ साली गेले तेव्हा वयाचंही शतक पुरं करून गेले.

आता लगेच छाती फुगवू नकोस. ‘बघा, बावन्नाव्या वर्षी खेळले ना?’ असं म्हणायला तू तोंड उघडलंस, मला दिसलं. त्या बावन्नाव्या वर्षातल्या धावा वाच: १०५ आणि १४१. संघात त्यांची जागा धावांनी राखली होती. कर्णधाराची टोपी पुढे करून कुणी आपलं नाव यादीत घातलं नव्हतं. तुझे यंदाच्या मोसमातले बळी किती? मला सांगू नकोस, स्कोअरबुक मी पाहिलंय. तुलाही ठाऊक आहे, म्हणून तर गेले दोन महिने ते घरी नेऊन ठेवलंयस.

दुसरी गोष्ट तर तू त्याहून नीट ऐक. देवधरांच्या त्या संघात कोण होतं? सांगलीचा विजय हजारे होता. १९३९-४०च्या मोसमात बडोद्याविरुद्ध हजारेंनी नाबाद ३१६ धावा केल्या, तेव्हा ते चोविशीत होते. रंगा सोहोनी तर नुकती विशी ओलांडलेला. सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस वर्षांचा कर्णधार आणि त्याच्या हाताखाली विशीतली पोरं मोठी होत होती. म्हातारा खेळला म्हणून पोरं थांबली नाहीत. हा फरक आहे, गड्या. तू खेळतोस आणि पोरगं लाँग-ऑनला उभं राहतं.

आणि घरचं बघ. देवधरांच्या तारा, सुंदर आणि सुमन या तिन्ही मुली बॅडमिंटनमध्ये देशात नाव काढलेल्या. चाळीसच्या दशकात त्या बहिणींचा दबदबा होता. बापाने खेळ स्वतःपुरता ठेवला नव्हता. तुझी मुलगी गारखेड्याच्या विभागीय क्रीडा संकुलात बॅडमिंटन शिकते. तिथे तिला सोडायला रिक्षा लावलीस, कारण त्या वेळी तुझं नेट असतं. जिल्हास्तरावर ती खेळली तेव्हा तू कुठे होतास? ‘लेजंड्स’ नावाच्या कुठल्याशा टेनिस-बॉल स्पर्धेत, तालुक्याच्या गावी, पाच हजारांच्या बक्षिसासाठी.

तुला सी. के. नायडूंची गोष्ट भारी आवडते, मला माहीत आहे. दत्तू फडकरांचा चेंडू तोंडावर लागला, दात पडले, आणि त्यांनी ते खेळपट्टीवरून झटकून पुढची खेळी सुरू केली. तू ती पोरांना दहा वेळा सांगितली असशील, जबड्यावर हात ठेवून. पण त्याच नायडूंनी, १८९५ साली नागपुरात जन्मलेल्या त्या माणसाने, १९४५-४६च्या रणजी अंतिम सामन्यात होळकर संघाकडून २०० धावा केल्या. वय पन्नास. पुढे १९५६-५७ साली एकसष्टाव्या वर्षी उत्तर प्रदेशकडून रणजीत उतरले आणि तिथेही धावा केल्या. ही शिस्त गोष्टीत रंगत नाही म्हणून तू ती सांगत नाहीस. तुला फक्त दात आठवतात. जखम सोसण्याला तू मोठेपणा समजतोस. अरे, जखम कुणालाही होते. पन्नाशीत दिवसभर उभं राहून दोनशे धावा काढण्यामागे जी हजारो सकाळींची मेहनत असते, तिची गोष्ट कर.

प्रवीण तांबेवरचा सिनेमा बघून तू डोळे पुसलेस, तेही मला कळलंय. ४१व्या वर्षी, प्रथम श्रेणीचा एकही सामना न खेळता, २०१३ साली राजस्थान रॉयल्सकडून आयपीएलमध्ये आला. त्याच वर्षी चॅम्पियन्स लीगमध्ये सर्वांत जास्त बळी त्याचे. २०१४ला कोलकात्याविरुद्ध हॅटट्रिक. २०२०मध्ये ४८व्या वर्षी कॅरिबियन लीग खेळला, तिथे खेळणारा पहिला भारतीय. रडायला येण्यासारखीच गोष्ट आहे. पण रडता रडता मधला भाग सुटला बघ तुझा. तांबे सुरुवातीला मध्यमगती गोलंदाज होता. तो लेगस्पिनकडे वळला आणि मुंबईच्या क्लब क्रिकेटमध्ये वर्षानुवर्षं बोटं आणि मनगट झिजवत राहिला. एकेचाळिशीत त्याला जे मिळालं ते या बदललेल्या कामामुळे मिळालं. मध्यमगतीचाच हट्ट धरून बसला असता तर त्याच्यावर सिनेमा निघाला नसता.

तुझा वेग गेला आहे. हे तुला कुणी सांगत नाही, कारण सामन्यानंतरची मिसळ तू खाऊ घालतोस. मी तुझी मिसळ खात नाही, म्हणून सांगतो. काल यष्टिरक्षक तुझ्या गोलंदाजीवर यष्ट्यांजवळ येऊन उभा होता. पंधरा वर्षांपूर्वी तो तुला मागे सरकून घ्यायचा, आणि तरी चेंडू त्याच्या छातीशी यायचा. तुझा रनअप मात्र अजून तेवढाच लांब. वीस पावलं पळत येतोस आणि चेंडू टप्पा पडल्यावर विचार करतो. तुला ऑफस्पिन येत होता, शाळेच्या संघात तू दोन्ही टाकायचास. पण फिरकी टाकली तर लोक म्हणतील म्हातारा झाला, याची तुला भीती. म्हणतील ते! झालाच आहेस!

दुसरा दाखला घे. रोहन बोपण्णा. जानेवारी २०२४ मध्ये ४३ वर्षांचा असताना मॅथ्यू एब्डेनच्या जोडीने ऑस्ट्रेलियन ओपनचं दुहेरीचं विजेतेपद जिंकला आणि दुहेरीत जगात पहिल्या क्रमांकावर गेला. त्याच्या गुडघ्यातली कूर्चा झिजून गेलेली. म्हणजे त्याचं दुखणं तुझ्यापेक्षा मोठं. त्याने काय केलं? एकेरीचा नाद केव्हाच सोडला होता, अर्धं कोर्ट सांभाळायचं दुहेरीचं काम पत्करलं होतं. आणि पाय सावरायला अय्यंगार योग धरला, त्याचं श्रेय तो उघड देतो. ज्या बी. के. एस. अय्यंगारांनी ही पद्धत घडवली त्यांची संस्था १९७५पासून पुण्यात आहे. आपल्या गावात योग शिकवणाऱ्यांची वाण नाही. तू पट्ट्यावर जेवढा खर्च केलास तेवढ्यात सहा महिन्यांची फी भागली असती.

आता थांबण्याविषयी. सुनील गावसकर मार्च १९८७ मध्ये बंगळुरूत शेवटची कसोटी खेळले. चेंडू हातभर वळणारी खेळपट्टी, समोर पाकिस्तान, आणि गावसकर ९६. त्याच वर्षी विश्वचषकात नागपूरला त्यांनी एकदिवसीय सामन्यांतलं आपलं एकमेव शतक केलं आणि त्या स्पर्धेनंतर बॅट ठेवली. हातात खेळ शिल्लक असताना ठेवली. सचिनचं वेगळं. २०१० साली ३६व्या वर्षी पुरुषांच्या एकदिवसीय क्रिकेटमधलं पहिलं द्विशतक त्याने केलं. टेनिस एल्बोच्या दुखण्यातून उठून, फटके बदलून, शरीर सांभाळून. पण जानेवारी २०११ला केपटाउनमध्ये कसोटी शतक झालं ते शेवटचं. नोव्हेंबर २०१३ला वानखेडेवर थांबला तोवर कसोटीत पुन्हा शतक नाही. देश त्याच्यासाठी थांबला, कारण त्याने आधी दोन दशकं देशाला दिली होती. त्याच्या खात्यात तेवढी शिल्लक होती. तुझ्या खात्यात काय आहे? २००४ सालची एक आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, आणि त्या अंतिम सामन्याचं पिवळं पडलेलं कात्रण पाकिटात.

चेहरा पाडू नकोस. अजून शरीराचं बोलायचं राहिलंय.

तिशीनंतर दर दहा वर्षांत स्नायू साधारण तीन ते आठ टक्क्यांनी घटतात, आणि व्यायाम सोडलेल्याचे जास्त वेगाने घटतात. हृदयाच्या ठोक्यांची कमाल मर्यादा ढोबळमानाने २२० उणे वय, म्हणजे तुझी १७६च्या आसपास. विशीतल्या पोराची दोनशे. स्नायूबंध ताठर होतात, म्हणून आठवडाभर खुर्चीत बसून रविवारी एकदम धावणाऱ्या चाळिशीतल्या माणसाची टाचेवरची शीर तुटते. तुझं वाळूजच्या कंपनीतलं काम दिवसभर बसून करायचं, आणि व्यायाम फक्त रविवारी. दुखण्यावर गोळी घेतलीस की दुखणं कळत नाही, इजा मात्र होत राहते. त्यात आपल्या गावचा वैशाख, चाळीस अंशांच्या वर पारा, अंगातलं पाणी आटलेलं, आणि त्यावर रिकाम्यापोटी वेदनाशामक. मूत्रपिंडावर काय बेतेल याचा विचार केलास? गुडघ्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन वर्षात किती वेळा घेतलंस ते मला तुझ्या भावाकडून कळलं. ते वारंवार घेतलं तर उरलीसुरली कूर्चाही जाऊ शकते. आणि तुझ्या वडिलांना पन्नाशीत हृदयविकाराचा झटका आला होता, हे मला आठवतं, तुला आठवत नाही का? छातीची तपासणी कधी केलीस? प्रोटीनच्या डब्याला तीन हजार आहेत, ट्रेडमिल टेस्टला पैसे नाहीत. डाळ, अंडी, दूध, शेंगदाणे, मोड आलेली मटकी या गोष्टी अजून बाजारात मिळतात बरं का.

आता त्या पोराचं. त्याचं नाव मी घेणार नाही, तूही संघात घेत नाहीसच. तो पहाटे साडेपाचला गोगाबाबा टेकडीवर पळतो, मग मैदानावर येऊन एकटाच एका यष्टीवर चेंडू टाकतो. आपल्या गावाने देशाला इक्बाल सिद्दीकीसारखा वेगवान गोलंदाज दिला. डिसेंबर २००१ मध्ये मोहालीला इंग्लंडविरुद्ध तो कसोटी खेळला आणि दुसऱ्या डावात सलामीला जाऊन विजयी फटका त्यानेच मारला. पुन्हा कसोटी मिळाली नाही. पैठणचा अंकित बावणे पंधराच्या आसपास असताना महाराष्ट्राकडून रणजी खेळला. म्हणजे पंधरा वर्षांच्या पोरासाठी कुणीतरी जागा करून दिली होती, हे कळतंय का तुला? मराठवाड्यातल्या पोराला पुण्याच्या निवड चाचणीपर्यंत पोचायचं तर आधी गावात सामने खेळायला मिळाले पाहिजेत, बळी दिसले पाहिजेत. एकोणीस संपलं की एक दार बंद, तेवीस संपलं की दुसरं. तुझं ‘बस, हा एक मोसम सर’ गेली चार वर्षं चाललंय. त्याच्या हिशेबाने त्या चार वर्षांत आख्खं आयुष्य येतं. तुला रविवारची करमणूक हवी म्हणून त्याच्या नव्या चेंडूवर बसू नकोस.

तर आता ऐक, आणि मध्ये बोलू नकोस.

उद्या सकाळी डॉक्टरकडे जायचं. गुडघ्याची आणि छातीची तपासणी, दोन्हीचे रिपोर्ट मला आणून दाखवायचे. डॉक्टर जितके आठवडे सांगतील तितके आठवडे मैदानात पाऊल टाकायचं नाही. त्या काळात स्कोअरबुक तू लिहायचं, म्हणजे आकडेही डोळ्यांखालून जातील. गोळी घेऊन सामना खेळायचा नाही, एकदाही नाही. आठवड्यातून दोन दिवस मांड्यांच्या आणि कमरेच्या ताकदीचा व्यायाम, रोज अर्धा तास चाल, रात्री दहाला झोप. नान-खलिया महिन्यातून एकदा, तोही दुपारी. वांग्याचं भरीत उद्यापासून घरात सुरू, बायकोची माफी मागून.

परत येशील तेव्हा पाच पावलांच्या रनअपने ऑफस्पिन टाकायचा. मधल्या षटकांत, कर्णधार देईल तेव्हा. हो, कर्णधार वेगळा असेल. टोपी या रविवारी उतरवायची आणि नवा चेंडू त्या पोराच्या हातात तू स्वतः द्यायचा, सगळ्यांसमोर. मग मिडऑफला उभं राहून त्याला शिवण कशी धरायची ते सांगायचं. ते तुला अजूनही माझ्यापेक्षा चांगलं येतं. आणि बुधवारी संध्याकाळी नेट नाही. मुलीला गारखेड्याला सोडायचं आणि ती खेळत असताना तिथेच बसायचं.

एवढं वर्षभर केलंस तर पन्नाशीतही खेळशील आणि मी येऊन टाळ्या वाजवीन. नाही केलंस, तर पुढच्या पावसाळ्याच्या आत गुडघा कायमचा जाईल, आणि तेव्हा माझ्याकडे येऊन रडायचं नाही. ऊठ आता. हात धरू नकोस कठड्याला, पायाने ऊठ. रविवारी सात वाजता मी मैदानावर असेन. सव्वासात नाही, सात.